पात्रता फेरीचे खेळाडू आणि ‘कुणाच्या बाजूने?’ हा प्रश्न

मार्च २०१६ मध्ये टी-२० विश्वचषक भारतात झाला. आपल्याला त्यातला मोहालीतला विराट कोहली आठवतो, वानखेडेवर वेस्ट इंडिजकडून हरलेला उपांत्य सामना आठवतो. पण त्याच्या आधी, ८ ते १२ मार्च या पाच दिवसांत, आपल्याच महाराष्ट्रात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर चार संघ खेळून गेले: झिम्बाब्वे, स्कॉटलंड, हाँगकाँग आणि अफगाणिस्तान. चौघांपैकी एकालाच पुढे जायचं होतं, बाकीच्या तिघांनी सामान बांधायचं. १५ मार्चला त्याच मैदानावर भारत आणि न्यूझीलंड समोरासमोर आले आणि सगळा देश टीव्हीसमोर बसला. आधीच्या पाच दिवसांकडं आपल्याकडं फारसं कुणी पाहिलं नाही.

आज मला त्या न पाहिलेल्या सामन्यांबद्दल लिहायचं आहे. विश्वचषकाआधी ज्या पात्रता स्पर्धा होतात, त्यांचा इतिहास थोडक्यात सांगायचा आहे. त्याला एक कारण आहे.

मी बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात राहतो. उर्दू आणि मराठी शिकवतो. भारत-पाकिस्तान सामना आला, की आदल्या दिवशी कुणी ना कुणी विचारतंच, “सर, उद्या कुणाच्या बाजूने?” विचारणारा बहुतेक वेळा हसत विचारतो. त्याच्या मनात काही नसतंही. पण हा प्रश्न तो शेजारी बसलेल्या देशमुख सरांना विचारत नाही. माझ्या वर्गातल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरांनाही हा प्रश्न कुणीतरी विचारलेला असतो. पोरगं हसून ‘इंडिया’ म्हणतं, पण आपल्यालाच का विचारलं, हे त्याच्या लक्षात राहतं. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी हा अनुभव घेतला असेल.

या प्रश्नामागं एक गृहीत आहे: माणसाचा धर्म कळला की त्याचा संघ कळला. क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांत हे गृहीत खपून जातं. पात्रता स्पर्धांचा इतिहास वाचला की ते जागोजागी मोडतं.

आधी ही स्पर्धा काय असते ते पाहू. क्रिकेटमध्ये कसोटी खेळणारे देश थोडे आणि बाकीचे देश पुष्कळ. विश्वचषकात मोठ्या देशांना जागा ठरलेली असते, बाकीच्यांना ती झगडून मिळवावी लागते. एकदिवसीय क्रिकेटसाठी अशी पहिली स्पर्धा १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये झाली, तिचं नाव आयसीसी ट्रॉफी. ती श्रीलंकेनं जिंकली. हाच श्रीलंका पुढं १९९६ मध्ये विश्वविजेता झाला. टी-२० ची पहिली पात्रता स्पर्धा ऑगस्ट २००८ मध्ये आयर्लंड बेटावर, बेलफास्टला झाली. सहाच संघ होते. अंतिम सामना पावसानं धुऊन गेला आणि आयर्लंड आणि नेदरलँड्स यांनी करंडक वाटून घेतला. पुढच्या वर्षी, जून २००९ मध्ये, त्या नेदरलँड्सनं लॉर्ड्सवर इंग्लंडला हरवलं. पात्रता फेरीतून आलेला संघ म्हणजे फुकटचे दोन गुण, हा समज तिथंच संपायला हवा होता.

२०१० पासून ही स्पर्धा बऱ्याचदा संयुक्त अरब अमिरातीत भरू लागली. आणि २०१० च्या स्पर्धेत जे झालं, ते मी दर वर्षी वर्गात सांगतो.

अफगाणिस्तानात क्रिकेट आलं ते निर्वासितांबरोबर. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्यावर लाखो लोक सरहद्द ओलांडून पेशावरकडं आले आणि छावण्यांत राहिले. त्यांची पोरं तिथं क्रिकेट शिकली. उर्दूत आपण ज्याला ‘हिजरत’ म्हणतो, ती या पोरांच्या आईबापांनी केली होती. हातात बॅट आली ती त्या हिजरतीत. मे २००८ मध्ये त्यांचा संघ जर्सी नावाच्या छोट्या बेटावर जागतिक क्रिकेटच्या पाचव्या श्रेणीत खेळत होता. पाचवी श्रेणी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या स्पर्धेसारखीच. तिथून दोन वर्षांच्या आत, १३ फेब्रुवारी २०१० रोजी, दुबईत त्यांनी टी-२० पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आयर्लंडला आठ गडी राखून हरवलं. कर्णधार नवरोज मंगल. प्रशिक्षक कबीर खान, पाकिस्तानचा माजी वेगवान गोलंदाज. १ मे २०१० रोजी वेस्ट इंडिजमधल्या सेंट लुसियात ते पहिला विश्वचषक सामना खेळले, तो भारताविरुद्ध. भारत सात गडी राखून जिंकला. पण निर्वासित छावणीतून निघालेली माणसं धोनीच्या संघासमोर उभी होती.

आता नागपूरला परत येऊ. २०१६ च्या त्या पाच दिवसांत अफगाणिस्ताननं स्कॉटलंड, हाँगकाँग आणि झिम्बाब्वे या तिघांनाही हरवलं. झिम्बाब्वे कसोटी खेळणारा देश, त्याला ५९ धावांनी हरवलं. पुढच्या फेरीत वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मोहम्मद शहजादनं १९ चेंडूंत ४४ धावा काढल्या. आणि २७ मार्चला पुन्हा जामठ्यात, ज्या वेस्ट इंडिजनं आठवड्याभरात विश्वचषक उचलला, त्यांनाच अफगाणिस्ताननं सहा धावांनी हरवलं. त्या विश्वचषकात विजेत्या संघाचा झालेला हा एकमेव पराभव. सामना संपल्यावर ख्रिस गेल हरलेल्या संघातला असूनही अफगाण खेळाडूंबरोबर नाचला. हे आपल्या विदर्भातल्या मातीवर घडलं.

त्या वेळी त्यांचा प्रशिक्षक पाकिस्तानचा इंझमाम-उल-हक होता. सरावाचं ‘घरचं’ मैदान भारतात, ग्रेटर नोएडाला. इंझमाम गेल्यावर त्या जागी आले मुंबईचे लालचंद राजपूत. २००७ मध्ये धोनीच्या संघानं पहिला टी-२० विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचे व्यवस्थापक हेच राजपूत होते. त्यांच्याच काळात, २२ जून २०१७ रोजी, अफगाणिस्तानला कसोटी दर्जा मिळाला. वर्षभरानं, जून २०१८ मध्ये, बंगळुरूला त्यांची पहिली कसोटी झाली. भारताचा कर्णधार होता अजिंक्य रहाणे, आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, मूळचा संगमनेर तालुक्यातला. भारत दोन दिवसांत जिंकला. करंडक हातात आल्यावर रहाणेनं अफगाण संघाला बोलावून घेतलं आणि दोन्ही संघांचा एकत्र फोटो निघाला. कबीर खान, इंझमाम, राजपूत, रहाणे: या एका संघाच्या वाटचालीत पाकिस्तानी हात आहेत आणि मराठी मुलखातलेही हात आहेत. कुठला हात कुणाच्या बाजूचा, हे कसं वेगळं करणार?

अफगाणिस्तानच्या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती स्तुती होईल. २०२० च्या अखेरीस तिथं २५ महिला खेळाडूंशी करार झाले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि महिलांचं क्रिकेट बंद झालं. बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला त्या पुन्हा एकत्र येऊन एक सामना खेळल्या, पण देशाचा अधिकृत संघ म्हणून नाही. बापाच्या पिढीनं हिजरतीत क्रिकेट कमावलं, आणि आता मुलींना क्रिकेटसाठी हिजरत करावी लागते. मुलांच्या विजयावर टाळ्या वाजवणाऱ्या आपण मुसलमानांनी तरी या मुलींबद्दल गप्प बसू नये. ‘इक्रा’ म्हणजे वाच, हा पहिला हुकूम ज्या दीनात आला, त्याच्या नावानं मुलींची शाळा आणि मैदान बंद करणं मला मान्य नाही.

आता ओमान. पात्रता स्पर्धेतलं माझं सगळ्यात आवडतं पान हेच आहे.

ओमानमधलं क्रिकेट उभं केलं कनकसी खिमजी यांनी. खिमजी हे कच्छकडून मस्कतला गेलेलं जुनं व्यापारी घराणं. कनकसीभाई हिंदू, आणि ओमानच्या सुलतानानं त्यांना ‘शेख’ हा किताब दिला होता. क्रिकेटची बरीच वर्षं तिथं सिमेंटच्या खेळपट्टीवर आणि वाळूच्या मैदानावर गेली. खेळणारे कोण? बहुतेक भारतातून आणि पाकिस्तानातून पोटासाठी गेलेले. दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी क्रिकेट.

जुलै २०१५ मध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पात्रता स्पर्धा झाली, चौदा संघांची. २३ जुलैला डब्लिनजवळच्या मालाहाइडला ओमाननं नामिबियाला हरवलं आणि पहिल्यांदा विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. त्या संघातली काही नावं पाहा. अजय लालचेटा पोरबंदरचा. जतिंदर सिंग लुधियानाचा. मुनीस अन्सारी मध्य प्रदेशातल्या सिहोरचा, मलिंगासारखा हात आडवा फिरवून टाकणारा. झीशान मकसूद पाकिस्तानी पंजाबचा. बिलाल खान पेशावरचा. वाटेगावकर आणि खाड्ये अशी आपल्याकडची आडनावंही ओमानच्या संघात खेळून गेली आहेत. प्रशिक्षक श्रीलंकेचे दुलीप मेंडिस.

हा संघ ९ मार्च २०१६ रोजी धरमशालाला उतरला आणि आयर्लंडला हरवलं. १५५ धावा हव्या होत्या, शेवटच्या षटकात दोन चेंडू आणि दोन गडी शिल्लक ठेवून त्या काढल्या. आमिर अलीनं १७ चेंडूंत ३२ धावा मारल्या.

आता ही तारीख पुन्हा वाचा. त्याच महिन्यात, १९ मार्चला, त्याच धरमशालात भारत-पाकिस्तान सामना ठरला होता. सुरक्षेच्या कारणावरून तो तिथं होऊ शकत नाही असं ठरलं आणि तो कोलकात्याला हलवल्याची घोषणा झाली. ती घोषणा ९ मार्चलाच झाली. म्हणजे ज्या दिवशी या गावात भारत आणि पाकिस्तान एकमेकांविरुद्धसुद्धा खेळू शकत नाहीत असं जाहीर झालं, त्याच दिवशी त्याच मैदानावर भारतात जन्मलेले आणि पाकिस्तानात जन्मलेले तरुण एकाच रंगाच्या जर्सीत एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

मी त्यातून कुठलाही राजकीय निष्कर्ष काढत नाही. दोन देशांमधले प्रश्न खरे आहेत, पठाणकोट खरं आहे, सैनिकांच्या घरातलं दुःख खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की जन्मगाव आणि धर्म यांवरून माणूस मैदानावर कुणाच्या बाजूने उभा राहील हे ठरत नाही. ओमानच्या संघानं हे करून दाखवलं आणि त्यासाठी भाषण केलं नाही.

पाच वर्षांनी याहून ठळक उदाहरण मिळालं. २०१९ च्या पात्रता स्पर्धेतून ओमान पुन्हा विश्वचषकात आला. १७ ऑक्टोबर २०२१ रोजी, मस्कतजवळच्या अल अमरात मैदानावर, विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी पापुआ न्यू गिनीला दहा गडी राखून हरवलं. १३० धावांचं लक्ष्य दोघांनीच गाठलं: लुधियानाचा जतिंदर सिंग आणि सियालकोटचा आकिब इलियास. पंजाबच्या दोन तुकड्यांतली दोन पोरं, शेवटपर्यंत एकमेकांसाठी धावत होती.

त्यानंतर बरोबर एका आठवड्यानं, २४ ऑक्टोबरला, दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला. आणि त्या रात्री मोहम्मद शमीवर समाजमाध्यमांत काय काय फेकलं गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अकरा जण हरले होते, गद्दार ठरवला गेला एकटा. विराट कोहली कर्णधार होता. ३० ऑक्टोबरच्या पत्रकार परिषदेत तो स्पष्ट बोलला, की धर्मावरून एखाद्याला लक्ष्य करणं ही माणसानं करण्यासारखी सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मी हे मुलांना मुद्दाम सांगतो. शमीवर चिखल फेकणारे होते हे खरं, आणि त्याच्यापुढं उभा राहणारा कर्णधार होता हेही तितकंच खरं. दोन्ही सांगितलं नाही तर इतिहास अर्धाच होतो.

आता आपल्या मराठी माणसांकडं येऊ, कारण पात्रता स्पर्धांत तीही आहेत.

२०१३ च्या स्पर्धेतून संयुक्त अरब अमिरातीनं २०१४ च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. त्या विश्वचषकात त्यांचा यष्टिरक्षक होता आपल्या वसईचा स्वप्निल पाटील. कर्णधार खुर्रम खान, मुलतानचा, विमान कंपनीत नोकरी करणारा. प्रशिक्षक पाकिस्तानचा आकिब जावेद. वसईचा पाटील यष्टीमागे आणि मुलतानचा खान गोलंदाजीला, आणि दोघं मिळून एक बळी घ्यायला बघतायत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

दुसरं नाव सगळ्यांना माहीत आहे: सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा. २०१० मध्ये १९ वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला. तिथं उपांत्यपूर्व सामन्यात भारताला पाकिस्ताननं हरवलं, त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम होता. पुढं मुंबईकडून रणजीत एक सामना मिळाला, आणखी दार उघडलं नाही. २०१५ मध्ये तो शिकायला अमेरिकेला गेला, संगणक अभियंता झाला आणि नोकरी सांभाळून अमेरिकेकडून खेळू लागला. जुलै २०२२ मध्ये बुलावायोच्या पात्रता स्पर्धेत अमेरिका उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. जिंकली असती तर थेट विश्वचषकात. नेदरलँड्सनं हरवलं, दार पुन्हा बंद. शेवटी २०२४ मध्ये यजमान म्हणून अमेरिकेला जागा मिळाली. ६ जूनला डॅलसमध्ये पाकिस्तानविरुद्ध सामना १५९ वर बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेनं १८ धावा केल्या आणि नेत्रावळकरनं पाकिस्तानला १३ वर रोखलं. समोरचा कर्णधार बाबर आझम. चौदा वर्षांनी हिशेब पूर्ण झाला. त्याच अमेरिकी संघात नवा चेंडू टाकणारा अली खान पाकिस्तानातल्या अटकचा, आणि पाकिस्तान हरल्यावर तोही सगळ्यांबरोबर उड्या मारत होता.

सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये अमेरिका भारताविरुद्ध उतरली. नेत्रावळकरनं कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद केलं, मग रोहित शर्मालाही. सामना भारतानं जिंकला, पण त्या दिवशी मुंबईत, महाराष्ट्रात कुणी नेत्रावळकरला गद्दार म्हणालं का? नाही. उलट आपला पोरगा म्हणून कौतुक झालं. झालंच पाहिजे होतं. तो ज्या संघाकडून खेळत होता, त्या संघासाठी प्रामाणिक होता आणि त्यामुळं मुंबईवरचं त्याचं प्रेम कमी झालं नाही. लोकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. माझी मागणी एवढीच आहे, की भारतासाठी धावणाऱ्या, भारतासाठी शिट्ट्या मारणाऱ्या आमच्या पोरांवर ठेवायला यातला निम्मा विश्वास तरी शिल्लक असावा. श्रीरामपूरच्या जहीर खाननं २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. त्याला कुणी विचारलं होतं का, कुणाच्या बाजूने?

पोटासाठी दुसऱ्याच्या मुलखात जाणं बीडला समजावून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली बैलगाडी, ट्रॅक्टर, संसार, सगळं कारखान्यांच्या वाटेला लागतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता फिरवून ती फेडायची. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत आमची माणसं जातात. त्यात मराठा आहेत, वंजारी आहेत, दलित आहेत, मुसलमानही आहेत. वर्गातले बाक रिकामे होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा भरतात. सहा महिने ज्या शिवारात ऊस तोडला, तिथला फड तो माणूस मन लावून साफ करतो, आणि मन मात्र चकलांब्यात असतं. मस्कतला दिवसभर नोकरी करून संध्याकाळी गोलंदाजी करणारा माणूस मला म्हणून परका वाटत नाही.

क्रिकेटचा कारभार आता थोडा मोकळा होतोय. २०१९ पासून सगळ्या सदस्य देशांच्या टी-२० सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. २०२४ चा विश्वचषक वीस संघांचा झाला. युगांडासारखा देश नोव्हेंबर २०२३ मध्ये आफ्रिकेच्या पात्रता फेरीत झिम्बाब्वेला हरवून पहिल्यांदा विश्वचषकात आला. एकदिवसीय विश्वचषकात मात्र २०१९ आणि २०२३ ला दहाच संघ होते. दार थोडं उघडायचं, थोडं लावायचं, असं चाललेलं असतं. तरी दाराबाहेर उभे राहणारे दर दोन वर्षांनी पुन्हा येतात.

आमच्या बीडचा सचिन धस २०२४ मध्ये १९ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढून गेला, तेव्हा आमच्या शाळेच्या पटांगणावर सगळेच ‘सचिन’ झाले होते. त्यात अर्शद होता, सोहेल होता. सचिन धस कुणाचा, हा प्रश्न त्या पोरांना पडला नाही. तो बीडचा होता.

पुढच्या वेळी पात्रता स्पर्धा लागली, मोबाइलवर का होईना, तर घरातल्या मुलांना जवळ घेऊन पाहा. खेळाडूंची नावं मोठ्यानं वाचा, कोण कुठं जन्मला ते शोधायला लावा. आणि भारत-पाकिस्तान सामन्याच्या आदल्या दिवशी तुमच्या मुलाला कुणी विचारलंच, ‘कुणाच्या बाजूने?’, तर त्यानं चिडू नये आणि घाबरूही नये. ‘भारताच्या’ असं सरळ सांगावं, आणि मग विचारणाऱ्याला जतिंदर आणि आकिब यांची गोष्ट सांगावी.